अर्धे पान परत करणारे सर

प्रा. गंगाधरराव सावळीकर सरांच्या अमृतमहोत्सवाचा ग्रंथ निघतो आहे, त्यात तुम्हीही लिहा, असा फोन आला तेव्हा मला आधी वाटले की चुकून लागला असेल. सरांचे विद्यार्थी म्हणजे प्राध्यापक, तहसीलदार, वकील, पत्रकार. नांदेडच्या कॉलेजात सरांनी तीस वर्षांवर राज्यशास्त्र शिकवले, त्या काळाविषयी ती मंडळी लिहितीलच. मी जुनी मॅट्रिक, लातूरची गृहिणी. सरांकडे शिकले ती फक्त रविवारी, आणि तीही सर निवृत्त झाल्यावर. पण सरांनी एकदा माझे एक पान परत केले होते. त्या पानापायी माझे अठरा वर्षांचे शेजारपण तुटता तुटता राहिले. ही गोष्ट माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, म्हणून धीर करून लिहिते.

मुलीचे लग्न होऊन ती नांदेडला गेली, मुलगा नोकरीला लागला, आणि मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात नाव घातले. आधी पूर्वतयारीची परीक्षा दिली, मग बी. ए. चे पहिले वर्ष. आमचे वर्ग लातूरच्या एका कॉलेजातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रविवारी भरत. पहिल्या रविवारी मी दाराबाहेर चपला काढून आत गेले. जिथे विद्या सांगतात तिथे पायताण घालून कसे जायचे, एवढेच मनात होते. आत जाऊन पाहते तर सगळे चपला-बुटांत. मी खाली मान घालून मागच्या बाकावर बसले. तेवढ्यात सर आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. दारात माझ्या चपला पाहून ते थांबले, आपल्या काढून शेजारी ठेवल्या आणि अनवाणी आत आले. हजेरी घेतली आणि शिकवायला लागले. पुढच्या रविवारी दाराबाहेर सात-आठ जोड होते. एकदा त्या गर्दीत सरांची एक चप्पल कोणीतरी घालून गेले. सर एक काळी आणि एक तपकिरी चप्पल घालून नांदेडला परतले आणि पुढच्या रविवारी तशीच जोडी घालून आले. म्हणाले, "ज्याची असेल त्यानं न्यावी. माझी मिळाली नाही तरी चालेल, हिची सवय झाली आता."

सर नांदेडहून एस. टी. ने येत. अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तासांचा प्रवास, तेवढाच परतीचा. वय तेव्हा सदुसष्ट. केंद्राचे लोक म्हणत, महिन्यातून एकदा या, बाकीच्या नोट्स पाठवून द्या. सर म्हणत, "नोट्स पाठवायच्या तर पोस्टमनलाच प्राध्यापक करा की."

आमचा विषय होता आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत. मला वाटले होते, वर्तमानपत्रात बातम्या येतात त्याच असतील, कोणता पंतप्रधान कुठे गेला वगैरे. पुस्तक उघडले तर वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन, अराजक. एकेक शब्द दगडासारखा. माझ्या हाती वाचनाची एकच रीत होती, ती मी लावली. सकाळी स्नान करून पाटावर बसायचे, मध्ये बोलायचे नाही, उठायचे नाही, आणि सात दिवसांत ग्रंथ पुरा करायचा. असे मी त्या पाठ्यपुस्तकाचे पारायण केले. सातव्या दिवशी समाप्ती, पुस्तकाला हळद-कुंकू आणि साखरेचा नैवेद्य. मग दुसरे पारायण सुरू केले. आमच्या घरी कोणी हसले नाही, कारण त्यांनाही अभ्यास म्हणजे असाच असतो असे वाटले.

एका रविवारी सरांनी विचारले, "वास्तववाद म्हणजे काय, कोण सांगेल?" मी उभी राहिले, हात जोडले आणि दीड पान घडाघडा म्हणून दाखवले. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. आमच्या वर्गात चाकूरची प्रियंका होती, रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करून शिकणारी. ती मोठ्याने म्हणाली, "काकू, श्वास तर घ्या! काय करून राहिलात?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"कितवं पारायण, इंदुताई?" त्यांनी विचारले. त्यांना कसे कळले कोण जाणे.

"दुसरं चालू आहे सर."

"पोथीतलं एखादं अडलं तर कुणाला विचारता?"

"पोथीला काय विचारायचं? कीर्तनाला गेलं की बुवा सांगतात, तेव्हा उमगतं."

"बुवा काय करतात?"

"आधी अभंग म्हणतात. मग लोकांच्या घरातलाच एखादा दृष्टांत देतात."

"झालं तर मग," सर म्हणाले. "अभंग उत्तम म्हटलात तुम्ही. आता पुढच्या रविवारी दृष्टांत आणा. तुमच्या घरातला. एक पान, त्याहून जास्त नको."

माणसाची चूक न मोडता तिच्याच वाटेने त्याला पुढे न्यायचे, ही सरांची हातोटी. माझे पारायण त्यांनी बंद करायला सांगितले नाही. ते अर्धे झाले आहे, एवढे दाखवून दिले.

ती एक पानाची रीत सगळ्यांना होती. प्रत्येक सिद्धांतासाठी आपण डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग एका पानात लिहायचा आणि सिद्धांताचे नाव अगदी खाली, शेवटच्या ओळीत. नाव आधी लिहिले की सर पान बाजूला ठेवत. "आधी रोगी बघा, मग रोगाचं नाव घ्या," म्हणत. मी ही पाने जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत असे. कागद वाया घालवणे मला जमत नाही. सरांनी त्याबद्दल एकदाच शेरा मारला: "पुढच्या बाजूला लग्न, मागच्या बाजूला युद्ध. बरोबर आहे."

अराजक या शब्दावर माझे आणि सरांचे भर वर्गात भांडण झाले, तेही सांगते. सर म्हणाले, आंतरराष्ट्रीय राजकारणात अराजक म्हणजे गोंधळ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की देशांच्या वर कोणी नाही. मी उठले आणि म्हणाले, "सर, वर कोणी नाही असं कसं म्हणता? देव आहे."

सर म्हणाले, "आहे ना ताई. मीही तुळशीला पाणी घालूनच गाडीत बसतो. पण दोन देशांचा बांध फुटला तर देव तलाठी पाठवत नाही. त्या दोघांनाच निस्तरावं लागतं. त्याला अराजक म्हणतात."

त्या दिवसापासून तो शब्द मला कधी अडला नाही. आणि माझ्या देवालाही धक्का लागला नाही.

खोट्या अभ्यासाची मात्र त्यांना चीड होती, पण चीडसुद्धा त्यांच्या पद्धतीची. एकाने बाजारातले गाईड आणले होते. सरांनी ते जप्त केले नाही. "बसमध्ये वाचायला देता का?" म्हणून मागून नेले. पुढच्या रविवारी परत दिले तेव्हा प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने दुरुस्त्या होत्या, शंभरावर तरी असतील. "आता वापरा," म्हणाले, "आता बरं झालंय." त्या मुलाने ते गाईड आजही जपून ठेवले आहे.

आता त्या पानाकडे येते.

आमच्या शेजारी महानंदाक्का राहतात. माहेर निलंग्याकडचे, घरात कानडी-मराठी मिसळून. अठरा वर्षे आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक लहान फाटक होते. रस्त्यावर न जाता त्यातूनच येणे-जाणे. आमच्या एकादशीची भगर त्यातून पलीकडे जायची, त्यांची शेंगाची पोळी अलीकडे यायची. लातूरला नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्या दिवशी घरातले भांडे न् भांडे भरून ठेवायचे, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक. तर झाले असे की अक्कांनी नळाला मोटार बसवली. ती सुरू झाली की आमचा नळ कोरडा. मग आम्हीही मोटार बसवली. त्यांनी मोठी बसवली. एकदा फाटकात मी म्हणाले, "पाणी ओढून ओढून कुणाचं भलं होत नाही." अक्का म्हणाल्या, "अंगणात हत्ती बांधणाऱ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू न्हाई." झाले. फाटकाला दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या आणि दोन वर्षे बोलणे बंद.

सुरक्षेचा पेच हा सिद्धांत शिकवून झाला, तेव्हा मला माझा दृष्टांत तयारच मिळाला. एक देश स्वतःच्या बचावासाठी तयारी करतो, शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटते, तो आणखी तयारी करतो, आणि लढाई कोणालाच नको असताना दोघेही लढाईपाशी येतात. मी सगळे पान नळावर लिहिले. पुरावा म्हणून कॅलेंडरही नेले. हिशेबाची मला सवयच आहे, त्यामुळे नळ कधी आला, अक्कांची मोटार किती वाजता लागली, किती वेळ चालली, हे सगळे मी दोन वर्षे तारखेच्या चौकोनात लिहून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट होती, ती मी पानात लिहिली नाही. त्याच आठवड्यात अक्कांच्या दारात विटा येऊन पडल्या होत्या. फाटक काढून तिथे भिंत सलग करायची ठरली होती. गवंडी मोकळा झाला की काम सुरू. मी विटांकडे बघून न बघितल्यासारखे करत होते.

सरांनी पान वाचले. कॅलेंडरही एकेक महिना उलटून पाहिले. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. सर म्हणाले, "लिहिलंय सुंदर. पण हे अर्धं पान आहे."

"सर, पान भरलंय की."

"भरलंय. पण मला सांगा, या कॅलेंडरात तुमच्या घरानं काय केलं, ते कुठंय? त्यांची मोटार दिसते, तुमची दिसत नाही. हिशेब लिहिणाऱ्या बाईनं एकच बाजू लिहिली? आणि अक्का कुठल्या हत्तीबद्दल बोलल्या?"

"आमच्या अंगणात काळी टाकी आहे, तिला म्हणतात त्या."

"ती कधी आली?"

टाकी आमची. ती कधी आली, हे लिहून ठेवायचे मला सुचलेच नव्हते.

सरांनी पान माझ्या हाती परत दिले. "दुसरी बाजू अक्कांच्या स्वयंपाकघरातून लिहा. आणि त्यांना न विचारता लिहू नका. न विचारता लिहिलेलं म्हणजे तुमचंच पान, फक्त शाई वेगळी."

मला राग आला. खरे सांगते, आला. पुढचे दोन रविवार वर्गाला गेले नाही. मनात म्हटले, हे शिकवायला येतात की आमच्या घरातले तंटे सोडवायला? प्रियंकाचा फोन आला. "काकू, रुसून बसलात काय? सर विचारून राहिले की." मी म्हणाले, "पाहुणे आहेत." पाहुणे कोणी नव्हते.

तिसऱ्या रविवारी, वर्ग संपवून, परतीच्या गाडीआधी सर स्वतः घरी आले. आमचे यजमान घरीच होते. मी चहा टाकला. आधी पाणी पुढे केले तर सर म्हणाले, "अर्धाच पेला द्या. लातूरचं पाणी उष्टं टाकवत नाही." पानाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. यांच्याशी पेन्शनच्या गोष्टी झाल्या, नातवाची चौकशी झाली. उठताना मात्र अंगणात थांबले. भिंतीपलीकडे विटांची रास दिसत होती.

"हे तुम्ही पानात लिहिलं नव्हतं," सर म्हणाले.

मी म्हणाले, "त्यांची भिंत, त्यांच्या विटा. बांधू दे. वास्तववाद तरी काय म्हणतो? ज्यानं त्यानं आपलं घर राखावं."

"म्हणतो खरं. आणि चूक नाही म्हणत. पण जुन्या दरबारांची रीत होती, तोफ डागायच्या आधी वकील पाठवायचे. बोलणी करणारा, समोरच्याचं काय दुखतंय ते ऐकून येणारा. तुमच्या बाजूनं वकील कोण गेला?"

"कोणी नाही."

"मग तुम्हाला त्यांचं काय कळणार? बरं, माझी गाडी आहे." चपला घालून सर निघाले. वळून एवढेच म्हणाले, "ताई, गुण मिळायचे ते पहिल्या पानालाही मिळतील. दुसरं लिहाच असा हट्ट नाही."

हट्ट नाही म्हणाले, म्हणूनच मला जाता आले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून मी गेले. फाटकातून नाही, रस्त्याने फिरून, पुढच्या दाराने. हातात वही आणि पेन. अक्का ज्वारी निवडत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला.

"काय काढलंस?"

"कॉलेजचा अभ्यास आहे अक्का. तुम्हाला दोन प्रश्न विचारायचेत."

"मला? मी काय मास्तरीण हाय?"

"नळाबद्दल विचारायचंय."

"हाव, म्हणजे भांडायलाच आलीस. मग बस तर खरी, उभ्यानं कोण भांडतंय?" त्यांनी सूप बाजूला सरकवले.

मी वही उघडली आणि विचारले, "तुम्ही मोटार का बसवली?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "का बसवली? तुला ठाऊक न्हाई?"

"नाही."

"तुझी ती टाकी आली, त्याच्या पुढच्या पाळीपासून माझ्या नळाला करंगळीएवढी धार. पाइपावर तुझं घर आधी, माझं शेवटी. तुझी टाकी भरंस्तोर माझ्याकडं काय येणार? आत सासू अंथरुणावर, दिवसातून दोनदा धुवावं लागायचं त्यांना. दोन पाळ्या मी कळ काढली. तिसऱ्या पाळीला मोटार आणली."

त्यांच्या सासूबाई आजारी आहेत, हे मला माहीत होते. आमच्या टाकीने त्यांची धार तुटते, हे खरोखर माहीत नव्हते. दोन वर्षांत त्या वारल्याही, आणि मी दारातून भेटून परतले होते.

"अक्का, मग त्याच दिवशी येऊन सांगायचं ना!"

"सांगायचं काय? तुला ठाऊक हाय असंच वाटलं मला. म्हटलं, एवढी लिहून-पुसून ठेवणारी बाई, तिला पाइपाचं कळंना व्हय? समजून करून राहिली ही. म्हणून बोलले न्हाई."

"मला वाटलं, टाकी कशासाठी आणली ते तुम्हाला ठाऊक आहे. आमची पोरगी बाळंतपणाला आली होती. रोज दुपट्यांचा ढीग. म्हणून आणली."

"बाळंतपणासाठी?" अक्कांनी कपाळाला हात लावला. "आनि मी काय समजले! गल्लीचं पाणी कोंडून बसायला आणली म्हटलं. अगं, मग तोंड नव्हतं का तुला सांगायला?"

मग अक्का उठल्या आणि आतून त्यांचे कॅलेंडर काढून आणले. त्यांच्या चौकोनांतही बारीक अक्षरांत नोंदी होत्या. टाकी आली. टाकी भरायला एवढा वेळ. त्यांची मोटार लागली. त्यांची म्हणजे आमची. माझ्या कॅलेंडरात त्यांच्या घराची पापे होती, त्यांच्या कॅलेंडरात माझ्या घराची. आणि त्यांचे लिहिणे माझ्या आधी जवळजवळ महिनाभर सुरू झाले होते. म्हणजे सुरुवात कोणाची, ते कळले. दोन वर्षे मी सुरुवात त्यांची म्हणून बसले होते.

मी अक्कांच्या पाया पडले. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. "उठ गं," म्हणाल्या, "ज्वारी सांडली बघ." मग दोघींनी मिळून ती वेचली.

दुसरे पान मी तिथेच बसून लिहिले. अक्का सांगत होत्या, मी लिहीत होते. लिहून वाचून दाखवले, तर त्यांनी दोन ठिकाणी बदलायला लावले. पुढच्या रविवारी दोन्ही पाने एकत्र टाचून सरांना दिली. सरांनी वर्गात वाचली नाहीत, मनातच वाचली. खाली फक्त "आता पूर्ण" एवढे लिहिले. मग विचारले, "आणि विटा?"

"गवंडी आला होता सर. अक्कांनी त्याच्याकडून धुण्याच्या दगडाभोवती ओटा बांधून घेतला."

"आणि मोटारी?"

"दोघींनी शब्द दिला. नळ आला की पहिला पाऊण तास कोणीच मोटार लावायची नाही. आमची टाकी अक्कांचा हौद भरल्यावर भरायची."

मला वाटले, सर खूश होतील. सर म्हणाले, "शब्दावर तह चालत नाहीत ताई. शब्द पाळला जातोय हे दुसऱ्याला दिसायला हवं. पडताळणीचं काय?" मग अक्कांनी आणि मी असे ठरवले की नळाच्या दिवशी मधले फाटक सताड उघडे ठेवायचे. मोटार लागली तर आवाज लपणार नाही. अक्का म्हणाल्या, "तुझे मास्तर लई हुशार हायेत की. बायकांवर विश्वास न्हाई त्यांचा." मी म्हणाले, "कुणावरच नाही, म्हणून तर सगळ्यांशी गोड आहेत."

पुढे उन्हाळ्यात तह मोडलाही. अक्कांचे जावई आले होते, त्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी मोटार लावली. मी तणतणत फाटकातून गेले. चांगले अर्धा तास वाजले आमचे. पण दुसऱ्या दिवशी अक्कांनी आंबील पाठवली. हे सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तह मोडतातच. बोलणं मोडू देऊ नका."

सर कोणत्या सिद्धांताचे, हे आम्हाला कधी कळले नाही. प्रियंकाने एकदा सरळ विचारले, "सर, यातला खरा कोणता?" सरांनी तिलाच विचारले, "तुमच्या लॅबमध्ये साखर बघायची तपासणी वेगळी, कावीळ बघायची वेगळी. त्यातली खरी कोणती?" फक्त एकदा सर स्वतःच्या घरातले बोलले. त्यांचे गाव बिलोलीकडचे, नदीकाठचे. आत्या नदीपलीकडे दिलेली, तेलुगू मुलखात. लहानपणी नदी ओलांडून आत्याकडे जायचे, जेवून परत यायचे. "शाळेत नकाशा पाहिला आणि कळलं, आत्या दुसऱ्या राज्यात आहे. त्या दिवसापासून मला तिच्या घरी जरा परकं वाटायला लागलं. आत्या तीच होती, भातही तोच. रेघ नकाशावर होती, परकेपणा मी काढला." रचनावाद नावाचा सिद्धांत त्यांनी एवढ्यात शिकवला.

माणूस म्हणून सर किती मोठे, हे निकालानंतर कळले. परीक्षेत सुरक्षेच्या पेचावर प्रश्न आला. मी उत्साहाने नळ, टाकी, मोटार सगळे लिहिले. त्या पेपरात मी कशीबशी पास झाले. सरांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इंदुताई, दोष माझा आहे. परीक्षकाला नळ कळेल असं मी गृहीत धरलं. न विचारता." एवढ्या वयाचा, एवढ्या मानाचा माणूस पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीची क्षमा मागतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी सरांनी परीक्षेची भाषा वेगळी शिकवली, पण पानांची रीत सोडली नाही. मी बी. ए. दुसऱ्या वर्गात झाले.

त्यानंतर मी मुलीकडे नांदेडला गेले की सरांच्या घरी जाऊन येते. बाई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, माझ्या एकादशीची आठवण ठेवून राजगिऱ्याची वडी काढून ठेवतात. गेल्या वर्षी सरांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. लातूरच्या नव्या विद्यार्थ्यांची पाने आता टपालाने नांदेडला जातात आणि शेरे मारून परत येतात. बाई म्हणतात, "औषधाची वेळ चुकते, पानांची चुकत नाही."

सरांनी आम्हाला मोठ्या देशांच्या मोठ्या गोष्टी शिकवल्या. त्या मला किती समजल्या, देव जाणे. पण दुसऱ्याच्या अंगणातून आपले घर कसे दिसते, ते विचारल्याशिवाय कळत नाही, एवढे पक्के समजले. ते समजले नसते तर आज आमच्या मधल्या भिंतीत फाटक नसते. अक्का आणि मी एकाच गल्लीत, पाच पावलांवर, परक्या म्हणून म्हाताऱ्या झालो असतो.

दर महिन्याला सरांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी आपण करावी, तर ते करू देत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तह टिकलाय का?" टिकलेला असला तर मी सांगते, मोडलेला असला तर फोन अक्कांकडे देते. सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. माझ्या देवाकडे माझे मागणे आहे की सरांचा गुडघा सुखाचा राहो, डोळ्यांना पेन्सिलीचे बारीक अक्षर दिसत राहो, बाईंची साथ अखंड राहो. आणि पंचविसेक वर्षांनी, शंभरीच्या उंबऱ्यावर उभे राहून, त्यांनी मला असाच फोन करून हाच प्रश्न विचारावा. मी नसले, तर अक्का उत्तर देतील. त्या सांगतील, ते माझ्यापेक्षा खरेच असेल.